शांत बसायची शिकवणी

३ मार्च, सोमवार
आजपासून शांत व्हायचं. ठरलं म्हणजे ठरलं. इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय, अर्ध्या गावाला क्लच सोडायला मी शिकवलं, आणि सख्खी लेक म्हणते तुमच्याकडून शिकणार नाही! नवी नोकरी लागलीये, गाडी यायलाच हवी, महिनाअखेरीस टेस्ट. म्हणाली, "बाबा, तुम्ही शेजारी बसलात की ब्रेक कुठला तेच मला आठवत नाही. आधी शांत व्हा, मग शिकवा." नाहीतर समोरच्या टकल्याच्या स्कूलमध्ये नाव घालणार. टकल्याच्या! इंडिकेटर न देता वळणारा माणूस तो. मेलो तरी चालेल, पण हे होऊ देणार नाही.
मी ओरडत नाही. माझा आवाज मुळात स्पष्ट आहे.
डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी तासभर निसर्गात गप्प बसा.

४ मार्च. सकाळ.
बागेतल्या तळ्यावर गेलो. पायी. निसर्ग तसा ठीक. पण बदकांना लेन म्हणून काही नाही. एक मधूनच घुसलं, माझा पाय आपोआप ब्रेकवर, म्हणजे चिखलात. नवा बूट. तरी शांत होतो. बदकाला फक्त दोन शब्द सुनावले.

७ मार्च, शुक्रवार
काठावर एक गळ टाकून बसणारा आहे. त्याचं नाव मी गळवाला ठेवलंय. ढिम्म हलत नाही. एक मासा धरलेला अजून पाहिला नाही. मी श्वास मोजत होतो (मोठ्याने, नाहीतर आकडा चुकतो), तर म्हणे मासे पळतात. विचारलं, तळं काय तुमच्या तीर्थरूपांनी खणलंय का? त्यावर म्हणाला, "नाही हो. पण जरा हळू शांत व्हा."
उर्मटपणाला काही सीमा? दिवसभर मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होतो. एकाहून एक सरस. उद्या ऐकवणार.

११ मार्च, मंगळवार
हिला म्हटलं, बास झालं ते तळं, काडीचा फरक नाही. तर ही म्हणते, छे छे, खूप फरक पडलाय, उलट आता दोन तास बसत जा. स्वतः थर्मास भरून हातात दिला. फाटकापर्यंत सोडायला आली. लग्नानंतर इतकं कौतुक पहिल्यांदाच. चेहऱ्यावर तेज आलं असणार.
शिकवणीच्या गाडीत माझी सीट, शिकवणाऱ्याची, रोज कुणीतरी पुढे सरकवून ठेवतं. गुडघे डॅशबोर्डला आपटतात. गाडी धुणाऱ्याला फैलावर घेतलं. तो शपथा घेतो. चोराच्या उलट्या बोंबा.

१६ मार्च, रविवार
आज तळ्यावर हसणाऱ्यांचा गट. हात वर करून खदाखदा हसतात. विनोद कुणी सांगितलेला नसतो. मी ठणकावून सांगितलं की इथे माणसं शांततेसाठी येतात. एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. त्याच्या आजीने मला विचारलं, बरं वाटतंय ना तुम्हाला?
लोकांना शांततेची किंमतच नाही.

२० मार्च, गुरुवार
लेकीला जाहीर केलं, झालो शांत, उद्या सकाळपासून शिकवणी. म्हणाली, घाई नको बाबा, अजून आठवडा जाऊ द्या. मी ताट आपटलं. पण हळू. आधीचा मी असतो तर फुटलं असतं.
लहानपणी मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची. तेव्हा मी ओरडलो तरी खिदळायची. घाबरायला कधी लागली, कळलंच नाही. वाईट वाटलं.
टेस्ट जवळ आली. अभ्यास शून्य. नापास झाली तर दोष मला देणार.

२५ मार्च, मंगळवार
बागेच्या रखवालदाराने गेटवरच अडवलं. तक्रारी आल्यात म्हणे. गळवाल्याची, हसणाऱ्यांची, बदकांना दाणे टाकणाऱ्या बाईंचीसुद्धा. आता येऊ नका. विचारलं, निसर्गातून माणसाला काढता येतं का? जरा स्पष्ट आवाजात विचारलं. नेमका त्याच वेळी गळवाल्याच्या गळाला पहिला मासा लागला होता, तो सुटला. त्याचंही खापर माझ्यावर.

तोच दिवस, थोड्या वेळाने.
लवकर घरी आलो तर गल्लीत माझी गाडी रिव्हर्समध्ये मागे येतेय. चोर! धावलो. स्टिअरिंगवर लेक. शेजारी माझ्या सीटवर ही.
हिला गाडी येत नाही. लग्नानंतर मीच शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी भर चौकात उतरून चालत घरी गेली, ती पुन्हा गाडीला शिवली नाही. असं मी धरून चाललो होतो. आज कळलं, टकल्याकडे शिकली. लायसन्स काढून जमाना झाला. मी तळ्यावर गेलो की दोघी गाडी बाहेर काढायच्या.
भिंत आणि कचरापेटी यांच्या मधे लेकीने गाडी एका फटक्यात लावली. ही तिला काहीतरी सांगत होती, इतक्या हळू की काचेबाहेर ऐकू येईना. लेक हसत होती. माझ्या शेजारी बसून शिकताना कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

२९ मार्च, शनिवार
लेक पास. पहिल्याच फेरीत. कुणी शिकवलं असं परीक्षकाने विचारलं, तिने आईकडे बोट दाखवलं. गाडी माझी होती, हे सांगायचं राहून गेलं.
संध्याकाळी तिने आम्हाला फिरवून आणलं. ही पुढे, मी मागे. मागे ब्रेक नसतो. अख्ख्या रस्त्यात तोंडातून शब्द काढला नाही. चांगली चालवते. माझ्यापेक्षा चांगली, पण हे इथेच लिहितो.
उतरल्यावर म्हटलं, बघा, झालो की नाही शांत? आता तळं बंद, सकाळी घरीच बसेन.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ही म्हणाली की नदीकाठी बसायला फार छान जागा आहे असं ऐकलंय. मी म्हटलं, ती केवढी लांब!
लेक म्हणाली, "मी सोडत जाईन ना बाबा, रोज. आता येते मला गाडी."
बरं म्हटलं.