हजर असल्याची सही

१० मार्च, सोमवार
ठरवलं. बाळ होईपर्यंत चिडायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत की बाळाला पोटात सगळं ऐकू जातं.

काल दिपमालाची ओटी भरली. सोनगीरहून सासूबाई आणि सासरे लोटन आबा आले होते. जेवणं होतात न होतात तोच सासूबाईंनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी पोरीला घेऊन जातो, पहिलं बाळंतपण माहेरचं. मी शांतपणे सांगितलं की नाव जळगावच्या हॉस्पिटलात घातलेलं आहे. घरापासून रिक्षाने अकरा मिनिटं. तीन वेळा ट्रायल घेतली आहे. तिसऱ्या वेळी पोटाला उशी बांधून मी स्वतः बसलो होतो, गतिरोधक किती लागतात ते बघायला. नऊ लागतात.

आबा हसले. उशीत हसण्यासारखं काय आहे?

सासूबाई म्हणाल्या, "पाव्हना, तुम्ही बसा. बठ्ठं मी देखस." सगळं त्या बघणार म्हणे.

मी चिडलो नाही. आवाज मोठा झाला, कारण आमचा पंखा आवाज करतो.

१६ मार्च, रविवार
दिपमाला गेली. म्हणजे मी परवानगी दिली. जीपमध्ये बसताना ती खूश दिसत होती, याची नोंद घेतली आहे.

आता तिचं नाव धुळ्याच्या हॉस्पिटलात घालणार. सोनगीर ते धुळे वीस किलोमीटर. गतिरोधक किती, कुणालाही माहीत नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "मोजले नाहीत पाहुणे, नुसते आदळलो."

२३ मार्च, रविवार
फाइल तयार झाली.

ठिबकच्या फॅक्टरीत मी चेकर आहे. पाइपवर दर चाळीस सेंटिमीटरला भोक आहे का, ते बघून तक्त्यावर सही करतो. सहा वर्षांत एक चूक नाही. बारावीच्या पुढे शिकलो नाही, पण माझ्या तक्त्यात खाडाखोड दाखवावी. त्याच नमुन्यावर बाळंतपणाचा तक्ता केला. रकाने असे: कळ सुरू, कळ संपली, मधलं अंतर, दिपमालाचा चेहरा, शेरा. शेवटच्या पानावर जन्मवेळ, वजन आणि 'वडील जवळ हजर'.

हजर असल्याची सही आजच करून ठेवली. त्या वेळी माझा उजवा हात दिपमालाने धरलेला असणार.

हे भटूसारखं नाही. भटू शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच दिवसभराच्या सह्या मारून ठेवतो. बन्सीलाल साहेबांकडे मी त्याची दोनदा तक्रार केली आहे. त्याचा आळस आहे. माझं नियोजन आहे.

४ एप्रिल, शुक्रवार
रोज संध्याकाळी सातला फोन करून बाळाने किती लाथा मारल्या ते विचारतो. दिपमाला आज म्हणाली, "खूप." खूप हा आकडा नाही, असं सांगितलं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन घेतला आणि विचारलं की पाव्हना, जेवण झालं का? माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्या हेच विचारतात. मी म्हणालो, झालं. फोन बंद झाला. मग बराच वेळ भिंतीशी बोललो. त्याला चिडणं म्हणत नाहीत.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)
सोनगीरला आलो. ऊन असं की मोटारसायकलची सीट चटका देते. दारात पोचलो तर लिंबाच्या झाडाला झोका बांधलेला आणि झोक्यावर दिपमाला. नववा महिना! गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. मी तिथेच सांगितलं की खाली उतर. गाणी थांबली. सासूबाई म्हणाल्या की ती नुसती बसली आहे, झोका कुणी देत नाही. पण दोर तर हलत होता!

मला खुर्चीवर बसवलं. आबा आणि मंडळी पलीकडे पत्ते कुटत होती. चार वाट्या आमरस वाढला. जावयाला या घरात रस मिळतो, माहिती मिळत नाही. पोस्टाने पाठवलेली फाइल कुठे आहे विचारलं. सासूबाई तिनेच वारा घेत होत्या. एकही रकाना भरलेला नाही. चेहऱ्याचा रकाना तरी रोज भरता आला असता, म्हणालो. त्या म्हणाल्या, "कागदवर पोरे व्हतस का, पाव्हना?"

संध्याकाळी दिपमाला एकटी सापडली. पाय सुजले आहेत. म्हणाली, भीती वाटते. सगळ्या बायका सांगतात की काही होत नाही, आणि सांगताना एकमेकींकडे बघतात. मी परत ताब्यात घेतलेली फाइल उघडून दाखवायला लागलो. ती म्हणाली, "ते राहू द्या हो. तुम्ही याल ना? आत येऊ देत नाहीत म्हणे. पण मला तुमचा आवाज तरी आला पाहिजे. ओरडलात तरी चालेल."

मी सांगितलं, आवाज कशाला? मीच आत असेन. वचन दिलं. सही तर झालेलीच आहे.

९ मे, शुक्रवार. सकाळी ६.५०
तारीख बारा दिली होती! तीन दिवस आधी! बाळ सोनगीरच्या मंडळींवर गेलेलं दिसतं.

कळा पहाटेच सुरू झाल्या. मला फोन हॉस्पिटलात पोचल्यावर. पाव्हन्याची झोप कशाला मोडायची, म्हणे. मी विचारलं, दोन कळांमध्ये किती अंतर? सासूबाई म्हणाल्या, "नगाव बारीले एक उनी, देवपूरले दुसरी."

कळांचं अंतर किलोमीटरमध्ये! जीपचा वेग विचारला तर फोन ठेवला.

निघतो.

सकाळी ८.१५. पारोळा
पाणी प्यायला थांबलो. फोन केला. सासूबाईंनी जेवण झालं का, विचारलं.

सकाळी ९.२५. धुळे
पोचलो. केसपेपरवर गाव सोनगीर आणि आबांचा पत्ता. खिडकीतल्या क्लार्कला सांगितलं की पेशंट जळगावची आहे, नवरा समोर उभा आहे. तो म्हणाला, पेशंट आली कुठून? सोनगीरहून. मग? इथे नातेवाइकांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. मी म्हणालो, मला सोनगीरवाला म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. तो म्हणाला, नका ऐकू.

दिपमाला वरच्या व्हरांड्यात सासूबाईंचा हात धरून चालत होती. केस कपाळाला चिकटलेले. कळ आली की खिडकीचा गज धरते, डोळे मिटते, गुडघ्यांत वाकते, आणि मग एक आवाज येतो. तो तिचा आवाज नाही. असा आवाज मी कधी ऐकलेला नाही.

मी घड्याळ काढलं. पाच मिनिटं दहा सेकंद. चार मिनिटं पन्नास. चेहरा: लिहिता आला नाही. तिने माझा शर्ट धरला आणि वरचं बटण तुटून आलं. म्हणाली, "मोजू नका. बोलत राहा नुसते." मी म्हणालो, मोजल्याशिवाय बोलायचं तरी काय?

सकाळी १०.४०
तिला आत नेलं. मी फाइल घेऊन मागोमाग. रोहिणी सिस्टरने दारातच अडवलं. आत दुसरी बाई टेबलावर आहे, पुरुषांना घेत नाही. सही दाखवली. सिस्टर म्हणाल्या, "सही छान आहे तुमची. खाली बसा." सासूबाई आत गेल्या आणि जाता जाता मला, "आठे माणसेस्नं काय काम शे?"

इथे पुरुषांचं काय काम! फाइल कुणी केली? उशी कुणी बांधली?

सकाळी ११.४५
खालच्या ऑफिसच्या खिडकीशी तासभर बोललो. हे ऑफिस बरोबर त्या खोलीच्या खाली आहे. वरून तिचा आवाज येत होता. तो आला की मी आणखी जोरात बोलत होतो. क्लार्कने कानावर हात ठेवले. आबांनी पाणी आणून दिलं आणि म्हणाले की पाहुणे, भिंती जुन्या आहेत. शेवटी क्लार्कने तक्रार वही पुढे ढकलली. जे आहे ते लिहा, पण गप्प बसून लिहा.

बरोबर आहे. चिडायचं नाही असं ठरलेलंच आहे. यापुढे तोंडी एक शब्द नाही. सगळं लेखी.

दुपारी १.०५
तक्रार पूर्ण. चार पानं, नऊ मुद्दे, एकही खाडाखोड नाही. मुद्दा पाच: 'प्रसूतीच्या वेळी वडिलांना बोलावले जात नाही.' दोनदा अधोरेखित. मुद्दा आठ मध्येच घालावा लागला: 'रुग्णालयात शांतता नाही.' कारण मी लिहीत असताना एक बाई जिन्यावरून कुणा सोनगीरवाल्यांच्या नावाने ओरडत होती. एकदा, परत एकदा. आबा चहा आणायला गेले होते. मी मान वर केली नाही. मी जळगावचा.

आता वर जाऊन

संध्याकाळी
मुलगी. जन्म १२.३२. वजन दोन किलो आठशे.

१० मे, शनिवार
वजन आणि वेळ मी सासूबाईंकडून घेऊन लिहिली. त्यांना मिनिटासकट माहीत होती. कुठे लिहिलेली नव्हती.

सकाळी तक्रार वही बघायला गेलो. मुद्दा पाचच्या खाली लाल पेनाने शेरा आहे: 'दुसरी पेशंट हलवल्यावर डॉक्टर मॅडमनी पतीस आत घेण्यास परवानगी दिली. ११.५८ व १२.१५ वाजता सोनगीरवाले म्हणून हाक मारली. संबंधित खाली तक्रार लिहीत होते.' सही, रोहिणी सिस्टर. मुद्दा आठच्या खाली नुसतं 'मान्य'.

फार चिडलो. कुणावर ते ठरत नाही. मोटारसायकलवर बसून राहिलो. सीट तापलेली होती.

११ मे, रविवार
आज दिपमाला उठून बसली. ओठ फुटले आहेत. उजव्या तळहातात तिच्याच नखांच्या चार खुणा आहेत.

मी क्लार्कचं सांगितलं, हाक मारायच्या पद्धतीचं सांगितलं, गावाचं नाव चुकीचं होतं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की खालून तुमचं भांडण ऐकू येत होतं. बठ्ठं ऐकू येत होतं, उशीसुद्धा. सिस्टर हसत होत्या. कळ आली की मी तुमच्या आवाजाला धरून राहायचे. "मग एकदम बंद झाला. मला वाटलं, गेले. जळगावला निघून गेले. मीच म्हटलं, बोलवा त्यांना."

मी म्हणालो, मी खालीच होतो. शांत बसलो होतो.

ती म्हणाली, "तेव्हाच बरं सुचलं तुम्हाला."

मुलगी रडायला लागली. एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज. शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "बापना आवाज शे," आणि मला खुर्चीवरून उठवून मुलगी माझ्या हातात दिली. दोन्ही हात लागतात. याचा विचार फाइलमध्ये केलेला नव्हता.

दिपमाला म्हणाली, बोला ना तिच्याशी काहीतरी. मी तोंड उघडलं. एक शब्द आला नाही. पाच मिनिटं झाली असतील. मोजली नाहीत.

दुपारी फाइल काढली. फॅक्टरीचा नियम आहे की चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही. एकच सरळ रेघ मारायची, सही करायची आणि बाजूला कारण लिहायचं. 'वडील जवळ हजर'वर रेघ मारली. सही केली. कारणासाठी मी रकानाच ठेवलेला नव्हता.