इस्पिकच्या एक्क्याची रांग

६ जून, गुरुवार
नऊ पाकिटं उरली! गावात दुसरा विषय नाही. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये फळ्यावर लावलेली आकडे घातलेली पाकिटं, प्रत्येकात एक पत्ता. दर शनिवारी एक तिकीट निघतं. ज्याचं नाव, त्याने पाकीट निवडायचं. आत इस्पिकचा एक्का असला तर सगळा गल्ला त्याचा. नसला तर गल्ला फुगतो, आणि पुढच्या शनिवारी पार हॅलिफॅक्स शहरापासून गाड्या! सगळं नव्या बंबासाठी, म्हणे.

पोस्टात लॉक्लन म्हणाला, "मर्डक गेला तेव्हा एकतीस होती ना गं?" हो. एकतीस. माझ्या नवऱ्याचं मरणसुद्धा हे लोक पाकिटांत मोजतात. शिसारी आली.

७ जून
दारात पुन्हा टेरेसाचं भांडं. मांस भरलेला मीट पाय. झाकण न उघडताच कुंपणापलीकडे तिच्या पायरीवर ठेवून आले. जानेवारीपासून हे सातवं.

लिहून टाकते एकदा. मर्डक तिकिटाच्या रांगेत पडला. टेरेसा त्याच्या मागे उभी होती. ती ओरडली, कुणाला तरी बोलावलं, सगळं केलं — आणि मग एक पाऊल पुढे सरकली. त्याच्या जागेवर. खिडकी बंद व्हायला चार मिनिटं होती. तो जमिनीवर होता आणि रांग मोडली नाही! वळसा घालून पुढे जात राहिली. मी कोट घेऊन दाराशी उभी. डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हाच ठरवलं. या खेळाला एक सेंट देणार नाही, यातला एक सेंट घेणार नाही. आणि त्या बाईशी बोलणार नाही.

८ जून, शनिवार
चौकट दश्शी. आठ उरली. तासभर भोंगे वाजवत गाड्या परतल्या. थू!

११ जून
वाचनालयातून लॉटऱ्यांवरचं पुस्तक आणलं. शत्रू ओळखून असावा. राजे लढायांसाठी लॉटऱ्या काढायचे. स्पेनमध्ये नाताळच्या सुमाराला शाळेतली मुलं आकडे गाऊन सांगतात. गाऊन! जगभर हेच. आता तर रांगही लागत नाही, अंथरुणात लोळत फोनवर खेळा.

फ्लोरा, माझी नणंद, तशीच खेळते. आज चहा पिता पिता म्हणाली, "रागावू नकोस हं. या शनिवारचं एक तुझ्या नावाने घेतलंय."
"काढ माझं नाव!"
"घेतलेलं तिकीट परत होत नाही गं बाई."
"तुझा भाऊ त्या रांगेत मेला, फ्लोरा."
"ठाऊक आहे मला. म्हणून तर फोनवर घेते." आणि ओटकेकचा तुकडा चहात बुडवून रडायला लागली. तिच्यावर धड चिडताही येईना.

१५ जून, शनिवार
साडेसहाला फोन वाजला. हॉलमधून डोनी, सोडत काढणारा. "मोराग, तुझं नाव निघालंय! सगळा हॉल ऐकतोय. कुठलं पाकीट, बोल पटकन!"

ठेवून देणार होते फोन. शपथ! मागून लोक ओरडत होते, माझंच नाव. डोनी उरलेले आकडे वाचत होता. मी फोन कानाशी घट्ट दाबला. आणि मी म्हणाले, "एक्केचाळीस." त्याला थांबवत पुन्हा म्हणाले — "नाही नाही, सव्वीस! सव्वीस!"

पाकीट फाडल्याचा आवाज. मी डोळे मिटून घेतले होते. जणू देवळात.

किलवर पंजी.

"हात्तिच्या!" मी ओरडले. मोठ्याने. मग खुर्चीकडे लक्ष गेलं. मर्डकची खुर्ची. तो गेल्यापासून मिनिटभरही तो मनातून हलला नव्हता. आज हलला. पूर्ण. त्या दोन मिनिटांत मला नवरा होता हेच मी विसरले होते.

एक्का नाही निघाला तरी आठवड्याचं छोटं बक्षीस मिळतं, ते बंबाला द्या म्हटलं. हात दोनदा धुतले.

१६ जून
चर्चला गेले नाही. स्वतःचीच किळस.

१८ जून
टेरेसाचं भांडं आज पुन्हा माझ्या पायरीवर होतं. उघडलं. खाल्लं. घासून, पुसून परत द्यायला गेले. तिने दार उघडलं आणि रिकामं भांडं दोन्ही हातांनी घेतलं.

"चहा टाक," मी म्हणाले.