डाव्या बाजूच्या चुका

प्रिय वेलांटी,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटसुलट करशील आणि मग पहिल्याच ओळीत एखादी चूक काढशील. काढ. तेवढ्यासाठी समास मोठा सोडला आहे.

इकडे सगळं बरं आहे. लेक-जावई वरच्या मजल्यावर राहतात. नातीला दात आलेत, ती हाती लागेल ते वर्तमानपत्र चावते. आपला छापखाना मालकांनी विकला, हे तुला कळलंच असेल. तिथे आता नळ आणि फरश्यांचं दुकान आहे. परवा मुद्दाम आत गेले. आपलं टेबल होतं त्या खिडकीशी वॉशबेसिनं मांडली आहेत. काय दाखवू, असं विक्रेत्याने विचारलं. एक नळ उगाच फिरवून पाहिला आणि बाहेर पडले.

यंत्रावरच्या मिस्त्रीने आपल्याला नावं काय चपखल ठेवली होती! मी सरळसोट उंच म्हणून काना, आणि तू ऱ्हस्व-दीर्घावरून कुणाची गय करायची नाहीस म्हणून वेलांटी. मूळ प्रत तू मोठ्याने वाचायचीस, मी छापलेल्या मुद्रितावर नजर ठेवून चुका टिपायच्या. एकोणीस वर्षं. माझ्या नवऱ्यापेक्षा तुझा आवाज माझ्या कानांवर जास्त पडला, आणि तो होता तोवर बिचारा हे हसत कबूल करायचा.

प्राध्यापकांचं ते प्राचीन तत्त्वज्ञांवरचं पुस्तक आठवतं? त्यात मैत्रीवर एक प्रकरण होतं. कुणी विचारवंत म्हणतो, मैत्री तीन तऱ्हांची: काम पडतं म्हणून केलेली, सहवासात मजा येते म्हणून टिकलेली, आणि समोरच्याचं भलं व्हावं एवढ्याचसाठी असलेली. तू वाचता वाचता थांबलीस आणि विचारलंस, आपली कुठली गं? मी म्हटलं, कामाची. रविवारी तर मला तुझी आठवणही येत नाही. तू हसलीस आणि पुढचं वाक्य घेतलंस.

त्याच पुस्तकात माझ्या हातून चुका सुटायला लागल्या. मालक बोलले. तू मला तीनदा डोळे दाखव म्हणालीस. एकदा मी झोपेचं निमित्त सांगितलं, एकदा चष्म्याच्या काचेचं, तिसऱ्यांदा तुझ्यावर खेकसले. खरं सांगू? मला कळत होतं. पण नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, लेक शिकत होती, आणि 'हिच्या नजरेतून काही सुटत नाही' एवढीच माझी जगात पत होती.

मग तू मुद्रितांचा गठ्ठा घेऊन मालकांकडे गेलीस. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं. "हिच्या चुका सगळ्या ओळीच्या डाव्या टोकाला आहेत. हा हलगर्जीपणा नाही, हिला तिथलं दिसत नाहीये. डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय हिला काम देऊ नका."

माझ्या डोक्यात फक्त शेवटचं वाक्य शिरलं. पिशवी उचलली. तू दाराशी आडवी आलीस तेव्हा म्हणाले, "इतक्या वर्षांत माझी चूक दाखवायला तुला हीच जागा सापडली?" नंतर तू दोनदा घरी आलीस. दोन्ही वेळा मी लेकीला दार लावून घ्यायला सांगितलं.

डॉक्टरांकडे गेले ती तुला खोटं पाडायला. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्यातलं गेलं ते परत यायचं नाही. उजवा राखता येईल, वेळेवर आलात, असं ते म्हणाले. राग महिनाभरात विरला. मग उरली लाज, आणि ती रागापेक्षा चिवट निघाली. आज दिसतंय ते त्या उजव्या डोळ्याने: ही ओळ, नातीचे दोन दात, गॅलरीतली शेवंती. त्या विचारवंताने एक गोष्ट लिहायची ठेवली बघ. तिसऱ्या तऱ्हेची मैत्री अंगावर येते तेव्हा आधी दावा साधल्यासारखीच वाटते.

मंगळवारी लेक अंघोळीला गेली होती आणि तिचा फोन वाजला. 'वेलांटी मावशी', असं त्यावर आलं. माझं धाडस झालं नाही, वाजू दिला. मग तिला बसवून विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. सहा वर्षं, दर दोन-तीन महिन्यांनी तू तिला विचारतेस: आई थेंब घालते ना, तपासणी चुकवत नाही ना? वर तंबी, की आईला सांगू नकोस, नाहीतर हट्टाने थेंब बंद करेल. केलेही असते गं. एवढं मला कोण ओळखतं? त्या दिवसापासून हे पत्र मनात लिहिते आहे. तुझे उपकार मानायला शब्द जुळवून पाहिले, सगळे खोडले. एवढंच मागते: लेकीला आता फोन करू नकोस. थेंब घातले का, ते मला विचार. सकाळी आठला घालते, त्यानंतर केव्हाही कर. नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
काना