बरोबरीत सोडवलेली कुस्ती

बावडा,
धुळवड

प्रिय विज्या,

आता तुला लोक विजयसिंहराव म्हणतात, दूध संघात तुझ्या केबिनबाहेर नावाची पाटी आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या तोंडात विज्याच बसलंय, त्याला मी काय करू. फोन केला असता, पण फोनवर तू 'मीटिंगमध्ये हाय' म्हणतोस आणि ठेवतोस, आणि मला सांगायचंय ते मधेच तोडण्यासारखं नाही. तर आधी कामाचं. तुझं काम फत्ते झालं. तुझी लेक छकुली आता कुस्तीच्या मैदानात माईक धरणार नाही. तू म्हणालास तसं मी तिला समजावलं, आणि पोरीला समजलं. एक तारखेपासून ती तुझ्याच दूध संघात कॉम्प्युटरवर बसणार हेही कळलं, कारण काल तुझा पुतण्या सूरज पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. एक मी खाल्ला, बाकीचे तुझ्या वहिनीनं शेजारी वाटले.

बारामतीला कॉलेजात होतो तेव्हाचं तुला काही आठवतं का रे, का तेही फाइलीत लावून टाकलंस? मिळेल त्या एसटीनं आपण मैदानं गाठायचो. भिगवणच्या मैदानाला बोलावलेला निवेदक आलाच नाही, कमिटीवाले घाम पुसत उभे, आणि तू कुणाला न विचारता माईक उचललास. पैलवानाचं नाव घेतलंस, त्याच्या वस्तादाचं घेतलंस, त्याच्या गावच्या ओढ्याचंसुद्धा घेतलंस. हायवेला मासे खायला थांबलेले ट्रकवाले हात न धुता मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. मी तुझ्या मागं उभा राहून नुसती नावं पुरवत होतो. बोलणारा तू होतास, विज्या. मी नंतर शिकलो, तुझं ऐकून ऐकून. मग तुझ्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, कुणाकुणाच्या दारात उभं राहून दूध संघात जागा केली आणि तू चिकटलास. वडगावच्या स्टँडवर मला म्हणालास, महिन्याचं एकदा नक्की झालं की माणूस मोकळा होतो, रविवारी येत जाईन मैदानाला. मी बरेच रविवार तुझ्यासाठी स्टेजवर एक खुर्ची जास्त मांडायला लावली. नंतर कमिटीवाले हसायला लागले तेव्हा बंद केलं.

तुला वाईट वाटेल, वाटू दे. दोन पैलवान हात धरून नुसती ढकलाढकली करत बसले, कुणीच डाव टाकेना, की पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. कुणाच्या पाठीला माती लागत नाही. दोघं अंग झटकतात, इनाम वाटून घेतात आणि घरी जाऊन झोपतात. तुझ्याकडं बघितलं की मला ती कुस्ती आठवते. माझं विचारशील तर मी हरलेलाच आहे, पण मी निदान खेळलो.

छकुली पहिल्यांदा आली ती स्कूटीवरून, एकटी, वडगाव निंबाळकरहून थेट बावड्याला. पुण्याची अभ्यासिका सोडून आलेय म्हणाली, तिथं खुर्चीवर बसून बसून मला माझाच आवाज ऐकू येईनासा झालाय, काका. मी म्हटलं पोरीचं खूळ आहे, दोन दिवसांत उतरेल. जत्रेच्या आधी तालमीतल्या बारक्या पोरांच्या नारळाच्या इनामावरच्या कुस्त्या असतात, त्यात दिला तिच्या हातात माईक. आधी लिहून आणलेलं वाचायला लागली, आणि ते अगदी रद्दी होतं, सगळं वर्तमानपत्रातलं. मी कागद काढून घेतला. सगळे हसायला लागले, एक पोरगं शिट्टी मारायला लागलं, आणि मग तिनं त्या शिट्टी मारणाऱ्यालाच पकडलं. त्याचं नाव काय, त्याच्या बापानं कुणाबरोबर कुस्ती धरली होती आणि तो मधेच पळून कसा गेला, सगळं तिथल्या तिथं विचारून विचारून सांगितलं. माणसं पोट धरून हसली आणि पोरगं आखाड्यात उतरलं. मी मान खाली घालून बसलो होतो. माझ्या कानात तू बोलत होतास. तेच थांबणं, नावाच्या शेवटच्या अक्षरावर तसंच रेटून उभं राहणं. आमच्या कमिटीनं त्याच दिवशी ठरवलं, यंदा यात्रेच्या मैदानात निम्मा वेळ माईक तिच्याकडं.

आणि मग तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी आला आणि कशासाठी, तर 'झुंबर, तिला तुझं काय झालं ते सांग, म्हणजे तिचं डोकं ताळ्यावर येईल.' मला राग आला नाही असं समजू नकोस. तुमच्या भावकीत पोरांना अभ्यासाला बसवताना, नाहीतर झुंबर होशील, असं म्हणतात हे मला लखननं, माझ्या पोरानं, कधीच सांगितलंय. त्याला तुमच्याच गल्लीत कुणीतरी ऐकवलं होतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं? कारण तुझा आवाज ऐकला आणि मी गडबडलो. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटली. पोरीचं उद्या वाटोळं झालं तर तू माझ्या दारात येशील, आणि मी काय उत्तर देणार होतो?

म्हणून बसवलं तिला समोर आणि सगळं सांगितलं. पावसाळ्यात यात्रा नसतात तेव्हा तुझी वहिनी लोकांच्या डाळिंबाच्या बागेत जाते हे सांगितलं. सत्काराच्या फेट्यांनी ट्रंक भरलीय आणि फेटे काही शिजवता येत नाहीत, हे सांगितलं. आता निम्म्या गावांना निवेदक नको, डीजे पाहिजे. थंडीत घसा बसतो तो संक्रांतीपर्यंत सुटत नाही. पोरीच्या जातीला दारू पिऊन आलेले काय काय बोलतील तेही सांगितलं, तुला लाज वाटेल इतकं उघडं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. ती ऐकत राहिली. मग एवढंच विचारलं, काका, मग तुमी का न्हाय सोडलं? मी म्हटलं, दुसरं काही येत नव्हतं. तिनं स्कूटीची चावी उचलली, माझ्या पाया पडली आणि गेली. हे मात्र मी खोटं बोललो, विज्या. तेवढं एकच.

खरं उत्तर तुला सांगतो. इंदापूरकडच्या एका मैदानात शेवटची कुस्ती अडली होती. दोघं पैलवान खांद्याला खांदा लावून उभे, हलायला तयार नाहीत. लोक ओरडायला लागले, कमिटीचा अध्यक्ष मला खूण करतोय की सोडवा म्हणून सांगा. माझं सगळं बोलून संपलं होतं. डोकं कोरं. त्या वेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एक बाई उभी दिसली, पदराचं टोक दातात धरलेलं. आक्काबाई तिचं नाव, आखाड्यातल्या अजितची आई. सकाळीच मला विचारून गेली होती, माझ्या पोराची कुस्ती कवा हाय म्हणून. मी तिचं नाव घेतलं. पुढं काय बोललो ते देवाशपथ मला आठवत नाही. मेंढरं हाकली, मेंढरं विकली, पोराला दूध कमी पडू दिलं नाही, असं काहीतरी असेल. पुढचं वाक्य काय येणार ते मला माहीत नव्हतं, आणि ते येत होतं. हलगीवाला आपणहून थांबला. अजितनं ऐकलं आणि ढाक मारली. हा डाव जमला तर समोरचा आभाळ बघतो, फसला तर आपण. अजितची फसली. पोरगं चारी मुंड्या चीत.

मला वाटलं, मीच बुडवलं त्याला. माईक ठेवून मागनं निघून जायला लागलो तर आक्काबाई आडवी आली. आता शिव्या घालणार म्हणून मी मान खाली घातली. ती म्हणाली, हरला तर हरला, पर माझं नाव आजवर असं चारचौघांत कुणी घेतलं न्हवतं. आणि मग रडायला लागली, आणि मीही तिच्यासमोर उभा राहून रडलो. एवढा मोठा बाप्या, भर मैदानात. त्यानंतर सोडायचा विचार माझ्या मनात आलाच नाही. हरण्याची खात्री होती तेव्हासुद्धा आला नाही. हे मी छकुलीला सांगितलं नाही, कारण हे सांगितलं असतं तर ती थांबली नसती.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. हे तुझं नाही, तिचं आहे. तिचा नंबर माझ्याकडं आहे, उद्या सकाळी फोन करून मी तिला सगळं सांगू शकतो, पण सांगणार नाही. म्हातारा कालपर्यंत एक बोलत होता, आज दुसरं बोलतो, असं ती म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. शिवाय आवाज तुझा गेलाय तिच्यात. तो घेऊन काय करायचं ते तिला तुझ्या हातून कळलं पाहिजे. यात्रेच्या पत्रकात तिचं नाव आहे, मी ते काढायला सांगितलेलं नाही. तू हे पत्र तिला वाचायला दिलंस तर ती संघात बसेल की मैदानात येईल हे मला सांगता येत नाही. आली तर तिचं भलं होईल का, तेही सांगता येत नाही. आणि फाडून टाकलंस तर काही होणार नाही. एक तारखेला ती कामावर जाईल, घरातलं कुणी तुला काही विचारणार नाही, मी तर नाहीच नाही. ते फक्त तुला माहीत असेल.

तुझाच,
झुंबर