नव्या टाकीत समुद्रफूल

२ मार्च

भावजी नवी टाकी घेऊन आले. जुनीच्या दुप्पट, आणि न मागता. एव्लोगी म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नात आहेर द्यायला विसरलेला माणूस, आणि आज अख्खी काचेची टाकी! कुठेतरी पाणी मुरतंय.

"वहिनी, जुनीचा सांधा पाझरतोय. एक दिवस फुटेल आणि खालच्यांच्या घरात समुद्र शिरेल."

पाझरतोय हे खरं. पण गेल्या वर्षी हेच म्हणत होते — "विकून टाका, माझ्या मित्राचं दुकान आहे, समुद्रफुलाला गिऱ्हाईक तयार आहे." मी विसरले नाही.

५ मार्च

नव्या टाकीत मीठ कालवून पाणी फिरत ठेवलंय. मुरल्याशिवाय काही हलवायचं नाही, म्हणतात.

द्रागोमिर, माझा नवरा, बोटीवरून परत आलाच नाही. पुरायलाही काही हाती लागलं नाही, वार्नाच्या स्मशानात नुसती पाटी आहे. त्याचं म्हणावं असं जिवंत घरात एवढंच — हे समुद्रफूल, नावाला फूल पण खरं तर समुद्रातला प्राणी, आणि त्याच्या कुशीत राहणारी नारंगी माशांची जोडी. त्यानं आणलं तेव्हा बटणाएवढं होतं, आता ताटाएवढं आहे. सासूबाई रोज सकाळी त्याच्यासमोर बसून कॉफी पितात, त्याच्याशी बोलतात. मी ऐकत नाही असं दाखवते.

हे मेलं तर त्यांना मी काय सांगू?

८ मार्च

आज बायकांचा सण. भावजींनी दोघींना फुलं आणली. फुलंसुद्धा!

९ मार्च

हलवलं.

जुनं पाणी बादल्यांत काढलं, दगड त्यातच बुडवून ठेवले. वाळू जुनी घ्यायची नाही — तळाची वाळू ढवळली की विष सुटतं. मग भावजी कोपरापर्यंत हात घालून समुद्रफुलाचा पाय दगडावरून बोटाच्या पेरानं सोडवत बसले. जरा फाटला तर संपलं. मी डोक्यावर उभी.

"वहिनी, श्वास तरी घेऊ द्या."

"घ्या की. कोणी धरलाय?"

सुटलं अखंड, खोटं कशाला बोलू. नव्या टाकीत गेल्यावर तासाभरात उमललं. सासूबाईंना रडू आलं. त्यांनी चीज भरून पापुद्र्यांचा बानित्सा भाजला होता, भावजींनी तीनदा मागून घेतला.

ते बाहेर सिगारेट ओढायला गेले तेव्हा मी त्यांची पिशवी बघितली. बघितली तर बघितली. आत माशांच्या खाजेवरच्या औषधाची निळी बाटली. तांब्याचं औषध! मासे बरे होतात त्यानं, पण समुद्रफूल, गोगलगाई, कोळंब्या — सगळ्यांचा खेळ खलास. खाऱ्या पाण्याची टाकी पाळणाऱ्या पोरासोरालाही हे ठाऊक असतं. मग ती बाटली इथं कशाला?

विचारलं नाही. बघू म्हटलं.

११ मार्च

टाकीच्या गाळणीत झद्रावेत्सचं पान अडकलेलं. बाल्कनीतल्या कुंडीतलं. नळी ओढताना भावजींनी बाल्कनीचं दार उघडं टाकलं होतं. धांदरट.

नवी टाकी आटत मात्र नाही. जुनीत रोज पाणी घालावं लागायचं. झाकण चांगलं असेल.

१४ मार्च

गोगलगाई काचेवरून गळून पडल्यात. कोळंबी मेली. समुद्रफूल मिटून मुठीएवढं झालंय, मासे त्याच्याभोवती नुसते घिरट्या घालतायत. तपासणीचे थेंब टाकले. पाण्यात तांबं.

वाटलंच होतं मला.

१५ मार्च

भावजींना बोलावून तोंडावर विचारलं. त्यांनी पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली. "घरच्या गोड्या पाण्यातल्या माशांसाठी घेतली. झाकणसुद्धा उघडलेलं नाही, बघा."

"दुसरी असेल."

"दादाचं फूल मी मारीन?"

"मेलं की टाकी मोकळी. दुकानवाला मित्र आहेच."

भावजींनी स्वतःजवळची आमच्या घराची किल्ली बाटलीशेजारी ठेवली आणि गेले. सासूबाई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाल्या, "भांडू नका गं. सगळं पाण्यासारखं सुरळीत होईल." लेकाची बाजू घेणारच.

१८ मार्च

अर्धं पाणी बदललं, कोळशाची पिशवी सोडली. तांबं उतरलं. समुद्रफुलानं दोन-चार बोटं बाहेर काढली. बघा, माणूस गेला आणि विष गेलं!

२० मार्च

परत तांबं.

किल्ली माझ्या खणात आहे. मग घरात येतं कोण? दुसरी करून घेतली असणार. उद्या कुलूप बदलते.

२१ मार्च

कुलूपवाला आला नाही.

२२ मार्च

बाजारातून लवकर परतले. सासूबाई टाकीपाशी स्टुलावर उभ्या. हातात व्हिनेगरनं घासून लखलखीत केलेली तांब्याची कळशी, दांडीला लाल दोरा, आत झद्रावेत्सची डहाळी. टाकीत पाणी ओतत होत्या. घरातून कोणी दूर निघालं की प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून त्याच्या वाटेवर ओततो आपण, तसं.

"रोज ओतते," म्हणाल्या. "रात्रभर कळशीत ठेवलेलं. नव्या घरी गेलंय ना ते. द्रागो शेवटचा निघाला तेव्हा खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता, घाईत ओतायचं राहून गेलं. या वेळी नाही राहू दिलं."

हात धरून त्यांना खाली उतरवलं. तांब्याचं काही बोलले नाही. उरलेलं पाणी दोघींनी मिळून उंबऱ्यावर ओतलं. रोज इथंच ओतू या, म्हटलं.

मग भावजींना फोन लावला. चुकले म्हटलं, पाणी बदलायचंय, येता का? आणि उंबरा ओला आहे, पाय जपून टाका.