सतरा दिवस

वर्तकनगर, ठाणे
५ जानेवारी २०२६

चि. दिशा,

सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी काकू गुडघ्यांना शिव्या देत का होईना, रोज संध्याकाळी विहारात जाते. तुझी आई आता पहिल्यापेक्षा सावरली आहे. दोन वेळा नीट जेवते.

ठाण्याहून डोंबिवलीला पत्र कसलं पाठवतो हा म्हातारा, म्हणून हसशील. हस. पण तुझ्याकडे यायचं तर तुमच्या गेटवरचा माणूस आधी माझा फोटो काढतो आणि मग तुला मोबाईलवर विचारतो, याला वर सोडू का? सख्ख्या काकाला! फोन करावा तर तू एकीकडे काहीतरी टाईप करत 'हं, हं' म्हणतेस. मला जे सांगायचंय ते 'हं'वर भागणारं नाही.

मागे तुझ्या ऋजुताने जेवताना मला विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही गोष्टींची पुस्तकं का वाचता? सगळं खोटंच असतं ना?" मी ऐटीत म्हटलं, गोष्ट खोटी आहे हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं, म्हणून ती फसवणूक नसते. फसवणूक तुमच्या त्या मोबाईलमध्ये असते. बराच वेळ भाषण ठोकलं. पोर ऐकत बसली आणि मी मात्र अर्धं ताट सारून उठलो.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहितोय बघ. आता सांगतोच. तुझे बाबा गेल्यावर, दादाच्या पुण्यानुमोदनाला मी जो जीवनपट छापून वाटला, तो मी लिहिलेला नाही. मोबाईलने लिहिला.

गेली तीस वर्षं वस्तीत कुणी गेलं की घरचे माझ्याकडे येतात. "महेंद्रभाऊ, चार ओळी लिहा." मी लिहितो, लोक डोळे पुसतात. आणि सख्खा भाऊ गेला तेव्हा दोन दिवस कोऱ्या कागदासमोर बसलो. शेवटी त्या लिहून देणाऱ्या अ‍ॅपला दादाचं नाव, जन्म, कंपनीतली नोकरी, विहाराचं काम आणि चळवळीची ओढ एवढं सांगितलं. चहा निवायच्या आत दोन पानं तयार. त्यातच ते वाक्य होतं: 'नामांतराच्या लढ्यात त्यांनी सतरा दिवस कारावास भोगला.'

दिशा, तुझे बाबा तुरुंगात गेले नव्हते. एक दिवसही नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तू ते पान स्टेटसला लावलंस. ऋजुताने शाळेतल्या भाषणात घेतलं. तुझी आई म्हणते, "लग्नाआधीची गोष्ट, म्हणून मला कधी बोलले नाहीत. स्वभावच तसा त्यांचा." आणि आता चौदा तारखेला, नामविस्तार दिनाला, विहारात लढ्यातल्या लोकांच्या नावांची पाटी बसतेय. तिच्यावर दादाचं नाव आहे. तुझ्या आईने पांढरी साडी इस्त्री करून ठेवली आहे.

तरीही मी गप्प बसलो असतो. एवढा निगरगट्ट मी आहेच. पण काल दगडूमामा आले.

आपल्या चाळीतून त्या वेळी खरंच तुरुंगात गेलेले ते एकटे. चौऱ्याहत्तर वय, दोन जिने चढून आले. खिशातून तो जीवनपट काढला, घड्या पडून मऊ झालेला. म्हणाले, "महेंद्र, मला एक सांग रे. रत्नदीप आलेला का आमच्यासोबत?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"मला वाटतं, तो नुसता स्टेशनपर्यंत आलेला. पण तू लिहिलंयस म्हणजे असणार. आणि दिवस पण बघ, मी आपला अकरा धरून चाललेलो. इथे सतरा छापलेत. माझं डोकं गेलं काय रे? सुनेला विचारलं, ती म्हणते डॉक्टरला दाखवू."

आणि मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "वयाने होतं असं, मामा."

ते मान हलवत, कठडा धरून खाली उतरले. ज्या माणसाने तुरुंग भोगला, त्याला मी त्याच्याच आठवणीतून हाकलून दिलं.

मोबाईलवर खापर फोडून मोकळा झालो असतो, पण तेही खरं नाही. ते वाक्य मी छापायच्या आधी वाचलं होतं. तीनदा वाचलं. खोडायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. मला ते आवडलं होतं.

खरं असं आहे. त्या वर्षी आमचे वडील गेलेले. दादा कंपनीत कायम व्हायचा होता. त्याने दगडूमामांना स्टेशनवर सोडलं, स्वतःचं घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि तिथूनच पहिल्या पाळीला गेला. मी चौदा वर्षांचा. घरी आल्यावर मी त्याला भित्रा म्हटलं. तो डबा घासायला बसला. त्याच नोकरीवर मी शिकलो, चार ओळी लिहिण्याजोगा झालो. पण तो शब्द मी कधी मागे घेतला नाही. सेहेचाळीस वर्षं मनात धरला, आणि तो गेल्यावर त्याला परस्पर शूर करून टाकला.

उद्या सकाळी आधी दगडूमामांकडे जातो. त्यांची आठवण शाबूत आहे, खोटा मी आहे, हे त्यांच्या सुनेसमोर सांगतो. मग विहारात, कमिटीपुढे. तुझ्या आईला सांगायचं धैर्य मात्र एकट्याने होत नाही. रविवारी येशील? येताना ऋजुतालाही आण. तिला घोंगड्याची गोष्ट मीच सांगेन.

रागावलीस तरी ये.

तुझ्या बाबांना ते होते तसे कधी पुरे न मानलेला,
त्यांचा धाकटा भाऊ
महेंद्र