एकशे तेराव्या पानावरच्या नावाबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
संशोधन नोंद विभाग,
कोस्किनिएमी विद्यापीठ.

विषय : डिजिटल वहीतील ११२ पाने कै. ओन्नी काउकोरांता यांच्या नावे करणे व ११३व्या पानावरील खोटी खूण रद्द करणे.

संदर्भ : माझे दि. २ मार्च, १६ मार्च व ७ एप्रिलचे अर्ज. तिन्हींना आलेले एकच उत्तर : "आपला अर्ज मिळाला. या पत्रास उत्तर देऊ नये."

महोदया,

मी इर्मेली रौतिओ, वय एकोणसाठ, रसायनशास्त्राच्या दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक आहे. काचेची भांडी धुवायला लागले, बाकीचे सगळे बघून बघून शिकले. पदवी नाही. तेव्हा भाषेत कमी-जास्त झाल्यास क्षमा नको, उत्तर हवे.

१. दि. ९ फेब्रुवारी रोजी दुपारी आमच्या प्रयोगशाळेत ओन्नी काउकोरांता हा पीएच.डी.चा विद्यार्थी, वय सत्तावीस, विषारी वायू श्वासात जाऊन मरण पावला. वायू बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाचा पंखा गाळण्या बदलण्यासाठी सकाळपासून बंद होता. तशी ईमेल आली होती म्हणतात. कपाटावर साधी चिठ्ठी डकवायचे कुणाला सुचले नाही. शेजारच्या कपाटाचा पंखा घरघरत होता, त्यामुळे आपलाच चालू आहे असे कुणालाही वाटले असते.

२. त्या प्रयोगाच्या पानावर, म्हणजे ओन्नीच्या डिजिटल वहीच्या ११३व्या पानावर, "पंखा तपासला : होय" अशी खूण आहे. वेळ १३.४०. लिहिणाऱ्याचे नाव : इर्मेली रौतिओ. त्या वेळी मी कॉफीच्या टेबलापाशी पुल्ला, म्हणजे वेलचीचा गोड पाव, कापत होते. मजल्यावरच्या आठ जणांनी माझ्या हातून तुकडा घेतला.

३. माझे नाव तिथे कसे, ते आपल्या विभागाला पुरते ठाऊक आहे, तरी लिहिते. वही उघडायची तर दर वेळी फोनवर आलेला आकडा टाकावा लागतो. हातांत हातमोजे, त्यांवर आम्ल. त्या हाताने फोन धरायचा नाही हा नियमही विद्यापीठाचाच. म्हणून सकाळी मी माझ्या नावाने टॅब्लेट उघडून टेबलावर ठेवत असे आणि दिवसभर सगळे त्यातच लिहीत. कागदोपत्री मी दीड वर्षात सात जणांचे संशोधन एकटीने केले आहे. आपल्याकडून वही शिकवायला आलेल्या बाईंनी हे पाहिले तेव्हा म्हणाल्या, "हे काही बरोबर नाही हं, इर्मेली." मग दारातून वळून म्हणाल्या, "पण मी काही पाहिलं नाही."

४. पाने ओन्नीचीच आहेत याला पुरावा पानांवरच आहे. पान ५६ : "आज इर्मेलीची कॉफी म्हणजे डांबर. फ्लास्कच्या तळाशी साका मात्र झकास बसला." पान ८१ : "म्हाताऱ्या कोल्हिणीने माझा चांगला फ्लास्क लपवला." मी स्वतःला म्हातारी कोल्हीण लिहीन का? तो तोंडावरही म्हणायचा. मी म्हणायचे, "लपवला नाही रे बाबा, तू घासला नाहीस म्हणून उचलला."

५. दुरुस्तीसाठी मी आपल्या खिडकीवर गेले. तिथली मुलगी म्हणाली, "दुरुस्ती फक्त पान लिहिणाऱ्यालाच करता येते." मी म्हटले, "लिहिणारा वारला." ती म्हणाली, "नाही गं, वहीप्रमाणे लिहिणारी तूच आहेस." मी म्हटले, "मग उघड, आत्ता करते." ती म्हणाली, "तुझं खातं चौकशी संपेपर्यंत बंद आहे ना!" तिचा दोष नाही. तिचा चेहरा पडला होता.

६. एप्रिलमध्ये ओन्नीचे वडील ताइस्तो आले. जंगलात लाकूड तोडणारी यंत्रे दुरुस्त करतात. चारशे किलोमीटर गाडी हाकत आले आणि एवढेच म्हणाले, "पोरानं काय काम केलं ते बघायचंय. कळणार नाही मला, पण बघायचंय." खिडकीवर ओन्नीचे नाव टाकले. पडद्यावर आले : शून्य नोंदी. ते टोपी हातात धरून उभे. "काहीच नाही? दीड वर्षात? फोनवर तर म्हणायचा, बाबा, काम जमतंय." मी शेजारी उभी होते. त्यांच्या मुलाचे सगळे काम माझ्या नावावर. ते त्यांना तोंड उघडून सांगायचे धैर्य त्या क्षणी मला झाले नाही. महोदया, एकतीस वर्षांत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

७. त्यानंतर आपल्या उपप्रमुखांचा फोन आला. "कॉफीचे साक्षीदार दे, सुटशील की! पानं त्याच्या नावावर करू. नाव बदललं की खूणही त्याचीच. प्रकरण मिटलं." म्हणजे ओन्नीला त्याचे काम परत मिळेल, पण खोटारडा हा शिक्का घेऊन. वडिलांच्या हाती कागद पडेल की पोराने पंखा न बघताच "होय" लिहिले आणि आपल्याच हाताने मेला. असला सौदा मला मान्य नाही.

८. ती खूण त्याने केलेलीच नाही. वहीत "मागील पान घ्या" असे बटण आहे. वेळ वाचतो म्हणून ते वापरायला आपल्याच विभागाने शिकवले. ते दाबले की मागच्या पानावरच्या सगळ्या खुणा नव्या पानावर उतरतात, आणि वेळ तेवढी ताजी पडते. ११३ही पानांवर खोलीचे तापमान २१.४ अंश आहे. जानेवारीत गरम पाण्याची नळी फुटली, आम्ही पाच दिवस लोकरी टोप्या घालून काम केले, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. त्या पाच दिवसांचेही २१.४. हा आकडा आणि ती "होय" आपल्या विभागाने दिलेल्या नमुना पानावर पहिल्या दिवसापासून भरलेली होती. ओन्नी काय, कुणीच ती कधी केली नाही.

सबब विनंती :

(अ) पाने १ ते ११२ ओन्नी काउकोरांता यांच्या नावे करावीत व छापून वडिलांना द्यावीत. दि. १५ मे रोजी ते पुन्हा येत आहेत. या वेळी त्यांना शून्य दाखवू नये.

(आ) पान ११३ वरील खूण खोडून तिथे "नमुना पानावरून आपोआप आलेली" असे लिहावे, आणि नमुना पान कोणी बनवले तेही लिहावे.

वरील (आ) मान्य नसेल, तर पान ११३ माझ्याच नावावर राहू द्यावे. मग कॉफीच्या टेबलावरच्या आठांपैकी एकालाही मी चौकशीत बोलावणार नाही. खोट्या खुणेचा दोष कुणाच्या तरी माथी मारायचाच असेल, तर माझ्या मारा. ओन्नीला उलट उत्तर देता येत नाही. मला येते.

आपली,
(नम्र हा शब्द आधीच्या तीन अर्जांत खर्ची पडला)

इर्मेली रौतिओ
दि. ४ मे

सोबत : १) पान ५६ व ८१ यांची, खाते बंद होण्यापूर्वी टॅब्लेटवरून काढलेली छायाचित्रे. २) जानेवारीतील नळदुरुस्तीची पावती. ३) नमुना पान, कोरे, "होय" सह.